भुसभुशीत जमीन

इस्पितळामागचं मैदान म्हणजे नुसता कातळ झाला होता. बांधकामाच्या अवजड गाड्यांनी ते इतकं चेपलं होतं की कुदळ मारली तर कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाऊस पडला की आठ-आठ दिवस पाणी हटायचं नाही. लावलेलं रोप मुळाशी कुजायचं.

माळीकाका मात्र हट्टाला पेटले. शेतकी कॉलेजात शिकवणारी त्यांची लेक म्हणाली, "बाबा, लाकूडफाटा कमी हवेत जाळा. तो कोळसा कुटून खतात मुरवा आणि मातीत खोलवर मिसळा. पाण्याला वाट मिळेल."

दोन वर्षं काकांनी छाटलेल्या फांद्या पिंपात जाळल्या, हात-हात जमीन उकरली. बायको म्हणायची, "नोकरी माळ्याची आणि अवतार कोळसेवाल्याचा!" तिसऱ्या वर्षी पाणी साचलंच नाही. ओतलेली बादली बघता बघता जिरायची. काका पोरासारखे हसायचे. आता रोपं लावायची तेवढी राहिली होती.

एका पावसाळी दुपारी पुढच्या फाटकात ट्रक बंद पडला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने मागची वाट धरली आणि पूर्वीसारखी गाडी मैदानात घातली. चाकं निम्मी रुतली. काका धावले, फावड्याने माती ओढली, अंगातला सदरा काढून चाकाखाली कोंबला. गाडी हलेना. शेवटी चौघांनी स्ट्रेचर चिखलातून उचलून नेलं. त्यावरची बाई वॉर्डापर्यंत पोचलीच नाही.

"लवकर आली असती तर वाचली असती का हो?" काकांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्यांनी हातमोजे काढले. "कोण सांगणार, काका?"

लेकीने फोनवर समजूत घातली. "तिथे कुंपण घालणं ऑफिसचं काम होतं, बाबा. तुमचा काय दोष?"

"माती भुसभुशीत मी केली ना गं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पाऊस उघडल्यावर त्यांनी स्वतःच ऑफिसात अर्ज दिला: मैदानावर रोलर फिरवावा. कारकून वाचून चपापला. "काका, एवढी मेहनत..."

"सही घ्या साहेबांची."

रोलर आला. काका उन्हात उभे राहून बघत होते. चालवणाऱ्याने वरून ओरडून विचारलं, "झाडांसाठी कडेला थोडी सोडू का?"

"नको. गच्च बसवा," काका म्हणाले.