गौरीला आणायला गेलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, वांगी रंगाची, चाकांची बॅग आहे. चाकं चार होती, आता तीन उरली आहेत. चौथं सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावर गेलं, त्याचं मला दुःख नाही. म्हातारपणी दात जातात तसं ते गेलं. माझ्या मनात खदखदतंय ते वेगळंच. आज ते तुमच्यापुढे ओतते, म्हणजे पोट जरा हलकं होईल.

माझा जन्म नाशिकजवळच्या एका कारखान्यात झाला. जाड कापड, दुहेरी शिवण, रुंद चेन. पुष्कर नावाचा तरुण इंजिनिअर सौदीला नोकरीसाठी निघाला, तेव्हा त्याने मला विकत घेतलं. पुढे त्याचं चित्राशी लग्न झालं आणि आम्ही तिघं अल-खोबरच्या एका फ्लॅटमध्ये राहू लागलो. दर सुट्टीला मी खजूर, दुधाची पावडर, अत्तरं आणि जाडजूड ब्लँकेटं पोटात घेऊन भारतात जायची. येताना मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी घेऊन यायची. एवढ्या वर्षांत लोणच्याचा एक थेंब मी बाहेर सांडू दिला नाही. पुष्कर पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ही बॅग नाही, घरातलं माणूस आहे." मी कपाटावर बसून फुगायची.

कपाटावर बसण्याचा एक मोठा लाभ होता. चित्राला कीर्तनाचा भारी नाद. इथे काही देवळात मांडी घालून बुवांसमोर बसता येत नाही. ती स्वयंपाकघरात दार लोटून, फोनचा आवाज बेताचा ठेवून कीर्तन लावायची. पोळी तव्यावर फुगे आणि इकडे बुवा आख्यानात रंगलेले. ऐकून ऐकून मलाही गोडी लागली. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण. मग उत्तररंग, त्यात कथा. सगळा जीव त्या कथेसाठी आसुसलेला असतो, हे मी तिथेच शिकले.

पण आमच्या घरातली कथा काही केल्या सुरूच होईना. मूल होत नव्हतं. शेवटी दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. मोठ्या प्रतीक्षेनंतर अमरावतीच्या एका संस्थेतून चित्राच्या फोनवर फोटो आला. बारीक केस कापलेली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी दोन वर्षांची मुलगी. ज्येष्ठागौरींच्या दिवसांत संस्थेत आली म्हणून नाव गौरी. चित्रा त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन फ्रॉक घेऊन आली. मला खाली उतरवून तिने ते माझ्यात ठेवले. किती हलके होते म्हणून सांगू! ब्लँकेटं वाहिलेली मी, पण त्या फ्रॉकांनी अंगावर काटा आला.

ठरलेल्या मुदतीत दोघांनी जाऊन तिला भेटायचं होतं. नाही जमलं तर तिचं नाव दुसऱ्या जोडप्यापुढे जाणार होतं. मी भरून, चेन लावून दारात उभी राहिले. आणि नेमका तेव्हाच पुष्करचा इकामा संपला.

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो कंपनीने वाढवून दिल्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. कंपनीची सरकारी कामं हाशम नावाचा गृहस्थ बघायचा. माणूस गोड. पुष्करला काळा चहा पाजायचा, खजूर पुढे करायचा आणि म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या, इन्शाल्ला म्हणजे देवाच्या मनात असेल तर.

"उद्या होईल म्हणतोय हाशम," पुष्कर घरी येऊन सांगायचा.

"त्याचा उद्या कधी उगवतो ते विचार ना त्याला एकदा."

"मी काय करू चित्रा? त्याच्या खुर्चीत जाऊन बसू?"

"बस. निदान त्या खुर्चीतून कोणीतरी काम करेल."

मग दोघंही माझ्याकडे बघायची, जणू मीच वाट अडवून उभी आहे. एक दिवस चित्राला ते सोसेना. तिने मला उघडून सगळं बाहेर काढलं. शेजारच्या हफीजाआपा तेवढ्यात आल्या. त्या रायगडच्या, म्हसळ्याकडच्या. यजमानांचं इथे सुक्या मासळीचं दुकान.

"काय गो, परत रिकामी केलीस? फुगून फुगून बिचारीचं पोट ढिलं होईल."

"मला तिच्याकडे बघवत नाही हो, आपा."

आपांनी एक फ्रॉक उचलून डोळ्यांसमोर धरला. "हा आता कुठला होतो पोरीला? ती तिकडं वाढतेय. थोडे मोठ्या मापाचे घे."

चित्राने तो फ्रॉक त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. "नाही. हेच होतील. आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय."

मित्रांनो, मला तिचा हट्ट कळत होता. मोठे फ्रॉक घेणं म्हणजे आणखी उशीर होणार असं स्वतःच कबूल करणं. आपांनीही ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, होतील. चल, चहा पी माझ्याकडं."

इकामा अखेर आला, तर प्लांटचा शटडाऊन लागला. सगळी यंत्रं बंद करून दुरुस्ती करायची, अशा दिवसांत पुष्करच्या खात्यात कोणालाच रजा नाही. चित्रा म्हणाली, मी एकटी जाते. संस्थेने सांगितलं, दोघंही हवीत. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. "आता पुन्हा नाही हं, ताई," असं तिथल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं. मी पुन्हा भरली गेले आणि पुन्हा रिकामी झाले. बुवांनी पूर्वरंगच एवढा लांबवावा की कथेआधी श्रोते उठून जावेत, तसं झालं होतं. मी तर देवालाच म्हटलं, अरे, आता आवर की तुझं निरूपण!

शेवटी पुष्कर साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "रजा द्या, नाहीतर राजीनामा घ्या." रजा मिळाली. मुदत संपत आली होती.

निघायच्या दिवशी त्याने इतक्या महिन्यांचा सगळा राग माझ्यावर काढला. तळाशी ते फ्रॉक, वर संस्थेतल्या सगळ्या मुलांना चॉकलेटं, ताया-मावश्यांना अत्तरं, ब्लँकेटं, बाहुल्या, दुधाचे डबे. इंचभर जागा सोडली नाही. वरून नायलॉनची दोरी, दोरीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर परत दोरी. आखातातून गावी निघालेला माणूस बॅग अशीच बांधतो, हे मला ठाऊक होतं; पण त्या दिवशी त्याने कहर केला. फोनवर कीर्तनात यशोदेची गोष्ट चालली होती. बाळकृष्णाला बांधायला घेतलेली तिची दोरी दरवेळी दोन बोटं कमीच पडायची. पुष्करची दोरी मात्र पुरून उरली.

"अरे, बास! ती काय पाइपलाइन आहे?"

"लीक व्हायला नको, चित्रा. आता काहीही लीक व्हायला नको."

दम्मामला पट्ट्यावर आदळून माझं चाक तुटलं, ते तेव्हाच.

अमरावतीला संस्थेच्या खोलीत सतरंजी घातली होती. गौरी वच्छला मावशींच्या कडेवर होती. तिला आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या त्याच. मुठीत त्यांचा पदर, तोंड त्यांच्या मानेत. चित्राने विमानात काय काय बोलायचं ते घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला फुटेना.

"गौरी... हे बघ, तुझ्यासाठी काय काय आणलंय," एवढंच ती म्हणाली. दोघं मला उघडायला बसली.

मी उघडले नाही. मला उघडायचं होतं हो! पण गाठी नखाला लागेनात, चिकटपट्टी सुटेना.

"सांगत होते मी, दोरी नको."

"तू ते टोक धर. ते नाही, ते!"

"कुठलं टोक? टोक दिसतंय का कुठे?"

"आणलं तरी काय बापा यात? सोनं?" वच्छला मावशी हसून म्हणाल्या.

पुष्करने पाय रोवून हिसका दिला. माझी चेन तडकली आणि तो मागच्या मागे सतरंजीवर आपटला. मग मावशींच्या मानेतून एक आवाज आला.

"काका पडला."

बापाविषयी लेकीचा हा पहिला शब्द. ती खाली उतरली. पडलेल्या माणसाला तिने नीट निरखून पाहिलं, मग येऊन माझी दोरी धरली. "मी बी."

तिघं मिळून दोरी ओढू लागली. सुटली नाहीच. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी आणून मला कापलं आणि सगळा संसार भळाभळा सतरंजीवर सांडला. लोणच्याचा थेंब न सांडणारी मी, अशी उघडी पडले. चित्राने घाईघाईने एक फ्रॉक गौरीच्या डोक्यातून घातला. तो खांद्यापाशीच अडकला. दुसरा घेतला, तोही अडकला.

चित्रा ते फ्रॉक मांडीवर घेऊन बसली आणि दातओठ खाऊन रडली. "हिचे एवढे महिने कोणी खाल्ले, पुष्कर? कोणाला विचारायचं?"

वच्छला मावशी म्हणाल्या, "फ्राक काय, दुसरा येते वं बाई. पोरगी मोठी झाली हे चांगलंच नाही का? चालत येईल तुमच्यासंग."

त्यानंतर कागदांचा दुसरा पूर्वरंग लागला. पुष्कर नोकरीवर परतला. चित्रा अमरावतीतच खोली घेऊन राहिली आणि रोज गौरीला भेटायला जात राहिली. एका चांभाराने मला जाड दोऱ्याने शिवलं. सगळे कागद झाले, पुष्कर परत आला, तेव्हा चित्राने मला संस्थेत रिकामीच नेलं. "गौरी, तुझं काय काय घ्यायचं ते आण."

तिने आपली स्टीलची वाटी आणून टाकली. एक उशीचा अभ्रा टाकला. मग आत जाऊन वच्छला मावशींना पदर धरून ओढत आणलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"बस."

"मी कशी मावीन वं यात?"

"पाय दुमड."

मावशी हसल्या. त्यांनी खरंच एक पाऊल माझ्यात ठेवलं. मग काढून घेतलं, "चुलीवर दूध आहे," म्हणून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. विमानतळापर्यंत गौरी रडत होती. चित्राने तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही, फक्त घट्ट धरून बसली.

अल-खोबरच्या घरी तिला सगळं मिळालं. मापाचे फ्रॉक, समुद्रकाठच्या कॉर्निशवरची घसरगुंडी, हफीजाआपांच्या हातची खीर. तरी ती दिवसातून कितीदा तरी माझं झाकण उचलून आत डोकवायची. चित्राला ते बोचलं. तिने मला कपाटावर ठेवून दिलं, तर गौरीने घर डोक्यावर घेतलं.

"खाली ठेव गो तिला," आपा म्हणाल्या. "पोर मावशी शोधतेय. तुला काय वाटलं, तू आलीस म्हणून मावशी पुसली जाईल?"

चित्राने मला खाली काढलं. मग फोन लावला. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग मावशींचा अर्धा चेहरा.

"काय वं गौरे, जेवली? कोन हाय तुझ्याजवळ?"

गौरीने वळून पाहिलं. जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

"आई हाय."

चित्रा तोंडाला पदर लावून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आत कीर्तन लागलेलं नव्हतं, तरी मला उत्तररंगातली कथा सुरू झालेली ऐकू आली. आता दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मावशींना फोन जातो.

मित्रांनो, मी आता प्रवासाच्या कामाची उरलेली नाही. माझ्यात गौरीची खेळणी असतात. जाता जाता एवढंच मागते. तुमच्या वर्गात, तुमच्या घरी कोणी लांबून राहायला आलं, तर त्याने काय आणलं ते जरूर पाहा. पण त्याचं काय आणता आलं नाही, तेही एकदा जवळ बसून विचारा. ते कुठल्याच बॅगेत मावत नाही हो; ते तुम्हालाच सांभाळावं लागतं.