चांदणीला आधी पाणी

धरणापलीकडच्या वाडीत लाँचच्या इंजिनातल्या एका रबरी फिरकीला सगळे चांदणी म्हणायचे. तळहातावर मावेल एवढी, सहा पाकळ्यांची. पंपाच्या डबीत ती गरगर फिरायची, धरणाचं पाणी आत ओढून इंजिनाभोवती खेळवायची आणि तापलेलं पाणी बाजूच्या नळीतून बाहेर फेकायची. नळीची धार चालू तोवर इंजिनाची काळजी नाही, असा गोमाचा हिशेब. दुकानात तिला इंपेलर म्हणतात, पण ते नाव वाडीत कुणाच्या तोंडात बसलं नाही.

लाँच गोमा चालवायचा. शहापूरच्या बाजूचा काठ गाठायला जंगलातून तीन तासांची तंगडतोड होती, लाँचने वीस मिनिटं. चार वर्षांपूर्वी लाँच आली तेव्हापासून चावी त्याच्याच कमरेला होती. त्याचं भाताचं शेत धरणात गेलं होतं, आणि लाँचची वाट नेमकी त्या शेतावरून जायची. बुडालेल्या शेतावरून दिवसाला आठ खेपा करणारा शेतकरी तालुक्यात आपण एकटाच, याचा त्याला अभिमान होता. आता यात अभिमान कसला, असं कुणी विचारलं की तो रागवायचा.

तर अशी ही लाँच दरवर्षी दसऱ्याच्या सुमारासच रुसायची.

दसऱ्याआधी तिला काठावर ओढून बुडाला डांबर लावायचं, खंडेनवमीला तिथेच पूजा करायची आणि दसऱ्याला पाण्यात लोटायची, अशी रीत पडली होती. पूजेला इंजिन चालू ठेवायचं, हे सकुबाईचं म्हणणं. सकुबाई वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, वर लाँच कमिटीचा अध्यक्ष भगीरथ याची आई. ज्याची पूजा त्याचा आवाज देवीच्या कानावर जायला नको का, असं तिने एकदा विचारलं आणि इंजिन चालू झालं. पहिल्या वर्षी कोजागिरीला चांदणी गेली. नजर लागली, असं वाडीचं मत पडलं, म्हणून पुढच्या वर्षी एका आरतीच्या तीन आरत्या झाल्या. त्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळीच गेली. मग पाच आरत्या झाल्या, आणि पहिल्याच खेपेला लाँच भर पाण्यात वाफा सोडत उभी राहिली. नवे कपडे घातलेली माणसं फळकुटांनी पाणी मारत काठाला लागली.

त्या दिवशी भगीरथने गोमाला बाजूला घेतलं होतं. "पुढल्या दसऱ्याला बंद पडली तर चावी वाल्मिकला देनार. मंग माज्या नावानं बोंब मारायची नाय."

वाल्मिक हा भगीरथचा भाचा, टोकावडे ते मुरबाड जीप चालवणारा. पोरगा वाईट नव्हता, पण पाण्याखाली कुठे खडक आहे आणि कुठे जुन्या चिंचेचं खोड, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि चावी गेली तर आपण शेताच्या डोक्यावर उतारू म्हणून बसायचं, या विचाराने गोमाला वर्षभर घास गोड लागला नव्हता.

म्हणून नव्याण्णव साली, दसऱ्याला पंधरा दिवस असताना, तो स्वतः मुंबईला दारूखान्यात, जुन्या बोटी तोडतात त्या भागात गेला. बोटींचं सामान विकणाऱ्या एका चाचाचं दुकान त्याने शोधून काढलं आणि तिन्ही जळक्या चांदण्या डब्यातून काढून फळीवर मांडल्या. फेकायला मन झालं नव्हतं, म्हणून त्या जपून ठेवलेल्या.

चाचाने चष्मा कपाळावर नेऊन एकेक पाकळी बोटाने चाचपली. "वाळूने चरे पडतात. जुनी झाली तर पाकळी बुडातून तुटते. ही टोकं बघ, वितळलीत. तू कोरडी चालवतो."

गोमाला राग आला. "धरनात चालवतो आमी. तुमच्या अख्ख्या मुंबईला पानी पुरता तिथलं. कोरडी कशी चालंल?"

"ते मला काय माहीत? पाणी हेच तिचं तेल. पाणी नाही मिळालं की दोन मिनिटांत घासून जळते." चाचाने दोन नव्या चांदण्या पुढे टाकल्या, दिसायला जुळ्या बहिणी. "ही तेलकट पाण्याची, ही साफ पाण्याची. तुझं पाणी लोक पितात, तर ही घे." मग त्याने पाकळ्या मोजल्या, मधलं भोक जुन्याशी ताडून पाहिलं. "बसवताना काय लावतो?"

"खोबरेल," गोमा मोठ्या प्रेमाने म्हणाला.

"डोक्याला लाव. हिला साबणाचं पाणी. जिकडे फिरते तिकडेच सगळ्या पाकळ्या झुकवून बसव. आणि बोट पाण्याबाहेर बरेच दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेव, नाहीतर वाकलेली पाकळी वाकलेलीच राहते."

गोमा घरी आला. त्याची बायको रखमी ओटीवर नाचणी पाखडत बसली होती. त्याने तिन्ही जुन्या चांदण्या तिच्यापुढे ओळीने ठेवल्या आणि चाचाचं बोलणं सांगितलं.

रखमीने सूप खाली ठेवलं. "कंची कंच्या सालची?"

"ही पयली. ही दुसरी. ही गेल्या सालची."

पहिलीची टोकं नुसती बोथट झाली होती. दुसरीच्या पाकळ्या अर्ध्या राहिल्या होत्या. तिसरीला पाकळ्या होत्या असं सांगावं लागलं असतं.

"म्हंजी एका आरतीची, तीन आरत्यांची आन पाचांची," रखमी म्हणाली. आरत्या तीच म्हणायची, त्यामुळे तिच्या ते ध्यानात होतं. बोलता बोलता तिने तिन्ही चांदण्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

गोमाच्या तोंडचं पाणी पळालं. लाँच काठावर, पाणी ओढायचं भोक हवेत, आणि इंजिन भडभडतंय. इकडे सगळी वाडी टाळ्या वाजवतेय. "आपुनच जाळली गो. दर साली. जितकी भक्ती जास्त, तितकी लवकर."

"आता हे सकुकाकीला कोन सांगल?"



खंडेनवमीला लाँचला झेंडूच्या माळा घातल्या. नवी चांदणी गोमाने साबणाच्या पाण्यात बुडवून बसवली होती. सकुबाई पाटावर बसून म्हणाली, "चालू कर रं."

गोमा कसाबसा म्हणाला, "काकी, यंदा इंजिन बंदच ऱ्हाऊ दे."

"देवीपुढं मुकी लाँच ठेवतोस? म्हनून रुसते ती."

भगीरथने गोमाकडे पाहिलं. वाल्मिक मुद्दाम आला होता, तो चपलेने वाळू उकरत राहिला.

तेवढ्यात रखमी पुढे झाली. "काकी, पाव्हना दारात आला की आपुन आदी काय करतो?"

"पानी देतो. त्यात इचारायचा काय?"

"आन मंग त्याला बोलता करतो. ही लाँच काठावर येते, तिला आपुन पानी दिल्याबिगर तीन वरसं बोलवतोय. चांदनी बिचारी तहानेनं जळते."

सकुबाई विचारात पडली. सून असो की इंजिन, तहानलेल्याला बोलायला लावलं हा ठपका तिच्यावर आजवर कधी आला नव्हता. "मंग द्या की पानी," ती तडकून म्हणाली. "कोन नको बोलला?"

गोमाने पंपाची पाणी ओढायची रबरी नळी सोडवून हंड्यात बुडवली आणि इंजिन चालू केलं. बाजूने पाण्याची धार सुटली, ती थेट भगीरथच्या धोतरावर. पहिल्या आरतीचं एक कडवंही झालं नव्हतं तोच हंड्याचा तळ दिसला. गोमा ओरडला, "पानी!" मग काठापासून लाँचपर्यंत बायकांची रांग लागली. हंडे, कळशा, पोरींच्या हातात तांबे. रखमी आरती म्हणत होती आणि हंडाही पुढे देत होती. पाचही आरत्या झाल्या. सकुबाईने एक तांब्या स्वतःच्या हाताने ओतला आणि सांगितलं, "दमानं पी गो."

दसऱ्याला लाँच पाण्यात गेली. रखमी पुरणाचा घाट घालून घरीच थांबली होती. भगीरथ पुढच्या फळीवर बसला, मांडीवर वल्हं घेऊन, वाल्मिक त्याच्या शेजारी. गोमा नळीच्या धारेवरची नजर काढेना. चिंचेचं खोड मागे पडलं, मग गेल्या साली बंद पडली ती जागा, मग त्याचं शेत. धार तशीच होती, ऊस गाळल्यासारखी. वाल्मिकचा डोळा लागला. थोड्या वेळाने भगीरथने मांडीवरचं वल्हं खाली ठेवलं.

आठही खेपा झाल्या. संध्याकाळी गोमा घरी येऊन ओटीवर बसला. रखमी दारात उभीच होती. काय झालं, हे विचारायला ती दिवसभर आतून तडफडत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण विचारलं नाही. आत गेली, तांब्या भरून आणला, त्याच्या हातात दिला.

गोमाने तांब्या तोंडाला लावून पुरा रिकामा केला. मग कमरेची चावी काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "ऱ्हायली."