ओठाआतलं नाव

"जीभबी हलू देऊ नको, मथुरा. नाव आतच फिरलं पायजे. बाहेर आलं का मंग ते तुहं नाही राहत."

कुरुदच्या मठातल्या मायने कानात फुंकून तिला गुरुमंत्राचे नाव दिले, तेव्हा हे सांगितले होते. माय जाऊन वर्षे लोटली, मठाच्या चारी बाजूंनी घरे उठली, पण तो घोगरा आवाज मथुराच्या कानात तसाच बसून होता. नवऱ्याला सांगायचे नाही, लेकराला नाही, शेवटचे पाणी पाजणाऱ्यालाही नाही. मथुराने ते पाळले. पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, सोमवारचा उपास, एकादशीला केस न धुणे, ही तिची व्रते साऱ्या हुडको वसाहतीला ठाऊक होती. नावाचे व्रत मात्र कोणाला दिसत नव्हते. कणीक मळताना, भाजी निवडताना, दुपारी पंख्याखाली आडवे पडल्यावर, ते आत चालूच असे.

नवऱ्याला, मारोतरावांना, झटका आला त्यानंतर तर ती ते क्षणभरही खाली ठेवीनाशी झाली. सारी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवण्यात गेलेला गडी, खाटेवर पडला तो पडलाच. उजवे अंग गेले, वाचा गेली. "आजचा दिवस निघाला तर पाहू," असे डॉक्टर म्हणाले होते. मथुरा डोळे मिटून उशाशी बसली आणि नाव घेत राहिली. दिवस निघाला. त्यानंतरचेही निघाले. तेव्हापासून तिच्या मनाने घेतले की या माणसाचा श्वास त्या नावाला बांधलेला आहे. हे तिने कोणाला सांगितले नाही. नाव बाहेर गेले की दोरी सुटली, एवढे तिचे तिला पक्के होते.

आणि अशात स्नेहल एका टोपीची गोष्ट घेऊन आली.

स्नेहल म्हणजे धाकट्या दिराची मुलगी. विद्यापीठात मेंदूवर संशोधन करायची. ज्यांची वाचा गेली त्यांच्या मनातला शब्द डोक्यावरच्या टोपीतून ओळखायचा आणि पडद्यावर आणायचा, असे तिचे काम होते. दिल्लीहून मेंदू आणि तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांसाठी अनुदानाची जाहिरात निघाली की ती अर्ज करी, आणि दर वेळी अनुदान मोठमोठ्या संस्थांकडे जाई. या खेपेच्या जाहिरातीत घरातल्या बोलीभाषांवरचे काम मागितले होते. स्नेहलचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला होता आणि समिती स्वतः भिलाईला पाहायला येणार होती.

"दीदी, आपल्या भिलाईत लोहा बनते, दिमाग नाही," पीयूष चहा ढवळत म्हणाला. मथुराचा हा मुलगा जामुलच्या सिमेंट कारखान्यात होता, आणि घरात आला की कोणाची ना कोणाची थट्टा करणे हा त्याचा आराम होता.

"तुह्या डोक्यात सिमेंट भरलं हाय, म्हणून तुले नाही घेत," स्नेहल म्हणाली. "मले काकू पायजे. काका घरात जे मराठी बोलत होते, तेच शब्द मनात म्हणणारं धडधाकट माणूस पायजे. पाणी. दुखते. कूस बदल. आधी काकूवरून यंत्राले शिकवायचं, मंग काकाले टोपी घालायची."

"जा आई जा. अब तेरे मन का सब परदे पर आएगा. कोणत्या शेजारणीले काय म्हणते, सारं."

पीयूष हसला. मथुराने मात्र पदर डोक्यावर ओढून घेतला. तरी ती हो म्हणाली. मारोतरावांनी एकदा पाणी मागावे, यासाठी तिने सापाच्या बिळातही हात घातला असता.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी स्नेहलने तिला विद्यापीठातल्या आपल्या खोलीत बसवून पाहिले. डोक्यावर जाळीची टोपी चढवली, तिच्या भोकाभोकांतून गार, चिकट लेप केसांत सोडला.

"घरी जाऊन डोकं धुवा लागन, काकू."

"आज धुईन. उद्या एकादशी आहे. उद्याचं परवा."

समोरच्या पडद्यावर पेला आला की मनात 'पाणी' म्हणायचे. उशी आली की 'कूस बदल'. मध्ये पडदा काळा होई, तेव्हा काहीच म्हणायचे नाही, मन रिकामे ठेवायचे. मथुराने सांगितले तसे केले. निदान तिला तसे वाटले.

टोपी काढण्याआधी स्नेहलने संगणकावर उमटलेल्या तिच्या मेंदूच्या रेघा पाहिल्या. मग खुर्ची वळवून म्हणाली, "काकू, मधात काय म्हणून राहिली होती तू?"

"काही नाही."

"कसं काही नाही? हे पाह्य ना. पेल्याच्या वेळी रेघा साऱ्या वाकड्यातिकड्या. अन् काळ्या पडद्यात पाह्य, एकसारखी लाट. कोणी शिलाई मशीन चालवून राहिलं जसं." ती हसली. "जीभ हलते तुही. डोळ्याले नाही दिसत, पर यंत्राले समजते."

मथुराचा हात आपसूक तोंडावर गेला. इतक्या वर्षांत, जीभ हलते हे तिचे तिलाही कळले नव्हते.

"जप आहे ना?" स्नेहलचे डोळे चमकले. "काकू, देवांची काही नावं यंत्राले शिकवू. तू फक्त मनात म्हणजो, त्यातलं कोणतं ते पडदा लिहून दाखवन. उद्या समितीले हे दाखवलं ना, तर अनुदान आपलंच."

नाव पडद्यावर. अक्षरांत. परक्या माणसांपुढे. आणि तिकडे घरी खाटेवर त्यांची छाती… मथुराला पुढचे डोळ्यांपुढे आणवेना.

"पूस ते," ती म्हणाली.

"काय?"

"ते लाटबीट जे आहे ते पुसून टाक, बाई. तुह्या काकाचा जीव आहे त्याच्यात."

एवढेही ती आजवर कोणापाशी बोलली नव्हती. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण स्नेहलने काकूचा चेहरा पाहिला आणि तिचे हसू गेले. तिने बटणे दाबली, पडदा काकूकडे वळवून दाखवला.

"पुसलं. कोणाले नाही दाखवणार. पर ऐक. उद्या त्यायच्यासमोर मधात हेच दिसलं तर ते इचारतीन, अन् मले खोटं बोलता नाही येणार. अन् मधली जागा रिकामी नसली तर यंत्राले पाणी कोणतं अन् हे कोणतं, ते समजत नाही. मंग काकाले टोपी घालून काही फायदा नाही."

"दुसरं कोणी नाही काय?"

"कोण? पीयूष तर अर्धा हिंदीत विचार करते. काकाले झटक्यापासून हिंदी समजत नाही, तुले माहीत आहे."

मथुराने टोपी काढली, केसांतला लेप बोटांनी चाचपला.

"उद्या मधात काही नाही दिसणार," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

शब्द देऊन बसली, आणि घरी येईपर्यंत तिला कळून चुकले की हे आपल्याने होणारे नाही. नाव थांबवायला जावे तर ते आणखीच जोराने फिरू लागे. भाजीला फोडणी घालता घालता ती थांबली, तर ते फोडणीच्या चरचरीत सुरू झाले. आणि समजा थांबलेच, तर मग त्यांचे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती मारोतरावांच्या खाटेशी बसली. एरवी इथे बसली की ती डोळे मिटून घेई. आज तिने उघडे ठेवले. पदराचे टोक दातांत घट्ट धरले, जीभ खाली दाबली आणि नाव थांबवले.

मारोतरावांची छाती खाली गेली.

खालीच राहिली. दातांमागे नाव धडका देत होते. मायचा आवाज, डॉक्टरांचा आवाज, सारे एकदम कानात आले. आली नाही वर, तर? आपल्या हाताने सोडली दोरी, तर? पदर दातांत आवळून ती बघत राहिली.

छाती वर आली. पुन्हा खाली गेली. पुन्हा तीच भीती, पहिल्याइतकीच. दर श्वासाला तिला वाटे की बस, हा शेवटचा. आणि दर वेळी तो वर येई. आतली शांतता इतकी मोठी होती की तिला स्वतःच्या घरात परके वाटू लागले.

त्या शांततेत तिला ते दिसले.

मारोतरावांच्या तोंडाची चांगली बाजू हलत होती. ओठ मिटले, उघडले, जिभेचे टोक जरासे उचलले गेले. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. मिटले, उघडले. आवाज नव्हता.

"पाणी पायजे काय तुमाले?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. तिने चमच्याने पाणी घातले. थोडे गेले, थोडे हनुवटीवरून उतरले. ती पदराने पुसते आहे तोच ओठ पुन्हा हलू लागले. हा शब्द लांब होता, पाणी नव्हता. तिने कान त्यांच्या तोंडाशी नेला. नुसती ऊब. मथुरा म्हणत असतील. नाही तर क्रेनवरची एखादी शिवी. काय ते तिला कळेना.

नावानेच त्यांना इथवर आणले, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण तिने आत ठेवले होते ते स्वतःच्या मर्जीने. या माणसाच्या आत मर्जीविरुद्ध किती साचले असेल, केव्हापासून, आणि ती शेजारी डोळे मिटून बसलेली. आधीच्या भीतीवर ही दुसरी भीती चढली आणि तिला बसवेना.

तिने पीयूषला हाक मारली. त्याची दुपारपाळी होती, तो घरीच होता.

"बाबाच्या तोंडाकडे पाह्यत बस. मोबाइल तिकडे ठेव. ओठ मिटून उघडले का पाणी देजो."

"दीदी गाडी भेजणार होती ना? एवढ्या लवकर कावून चालली?"

"रस्त्यानं सवय करा लागते."

"कशाची?" त्याने तिच्याकडे पाहिले आणि थट्टा तोंडातच ठेवली. "आई, भेव लागून राहिलं काय तुले?"

"लागून राहिलं."

"अन् काही झालं तर? फोन करू?"

मथुरा चपला घालत होती. थांबली. मारोतरावांची छाती दारातूनही दिसत होती.

"मी टोपी काढीन तेव्हा स्नेहल तुले फोन करन," ती म्हणाली. "त्याच्या आधी करू नको. मधात काही नाही पायजे."

तिने दार लोटून घेतले आणि जीभ खाली दाबून, रिकाम्या मनाने, बसथांब्याच्या वाटेला लागली.