परडीतले अठरा आवाज

मी बोलतोय, खिडकीजवळच्या मेजावरचा, अंगावर विणलेलं झाकण मिरवणारा कॉम्प्युटर. वय अकरा. माणसांत हे शाळेत जायचं वय, आमच्यात निवृत्तीचं.

माझी मालकीण म्हणजे या घरातली आई. चालू करण्याआधी ती मला हात जोडते. मी मध्येच अडकलो, तर "दमला असेल बिचारा" म्हणत पदराने वारा घालते. एवढा मान नव्या यंत्रांनाही मिळत नसेल.

परवा माझ्या पडद्यावर सूचना आली, 'महिनाअखेर या प्रणालीचा आधार संपेल.' आईने लगेच लेकीला फोन लावला. "अगं, याचा आधार संपतोय म्हणे. पुढं कुणाच्या भरवशावर राहायचं त्याने?"

रविवारी लेक आली. "आई, आधार संपतोय म्हणजे दुरुस्त्या यायच्या बंद. नवी प्रणाली चढवते, झालं."

"चढव. तो धड होईपर्यंत मी चहात साखर घेणार नाही."

"तो नवसाने अपडेट होत नाही गं."

"नसेल होत. मला धीर येतो ना."

लेकीने आधी फोटो, पत्रं पेनड्राइव्हवर उतरवली. मग म्हणाली, "जागा कमी पडतेय. कचरा काढते." आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीच्या चित्राकडे वळली. त्यात काय आहे ते आईला ठाऊक होतं आणि मला. पण मला तोंड कुठलं? शिकवलेली वाक्यं तेवढी येतात. त्यातलंच एक मी पुढे केलं, 'या अठरा वस्तू कायमच्या पुसायच्या?'

आई चष्मा लावून वाकली. "अठरा? आजीच्या रेकॉर्ड केलेल्या गोष्टीही अठराच. थांब, हात काढ. तुझ्या आजीचा आवाज आहे तो."

"केराच्या टोपलीत?"

"केराची कोण म्हणालं? मी परडी समजले. जपून ठेवायचं ते परडीत. फक्त तिथं वाजत का नाही, ते तुला विचारणार होते."

लेक हसता हसता डोळे पुसू लागली. एकेक आवाज तिने बाहेर काढला, पेनड्राइव्हवरही ठेवला.

संध्याकाळी मी नव्या प्रणालीत डोळे उघडले. आईने पहिली गोष्ट लावली. गेलेली आजी विचारत होती, "सुरू झालं का गं हे?"

"झालं, आई," माझी मालकीण म्हणाली आणि चहात दोन चमचे साखर घातली.

माझं मागणं एवढंच, आमच्यासारख्यांची टोपली रिकामी करण्याआधी घरातल्या आईला एकदा विचारा. तिची ती परडी असेल.