झाड गावाचं, मुळं आपली

वेन्डेल झुपान कुणाचंही जुनं घर बघायला गेला की दिवाणखान्याकडे ढुंकूनही न बघता थेट तळघरात उतरायचा. त्याचा तरी काय दोष म्हणा! विमा कंपनीतली नोकरी, तीही घरबसल्या. दिवसभर लोक फोटो पाठवायचे आणि हा ते बघत बसायचा. कुणाच्या तळघरात गुडघाभर पाणी, कुणाच्या छतातून खार आत शिरलेली, कुणाच्या घर तापवणाऱ्या बॉयलरने ऐन जानेवारीत मान टाकलेली. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर माणसाला घर दिसतच नाही, नुसता खर्च दिसतो.

त्याची बायको बर्नडेट शहरातल्या हॉस्पिटलात नर्स होती, कायमची रात्रपाळी. तिला शहरातल्याच हार्लन हाइट्स वस्तीतलं मिस्टर होर्वाथ यांचं विटांचं घर हवं होतं. घर शंभरीला टेकलेलं, पण हॉस्पिटलातून निघाल्यावर रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत दारात. वेन्डेलचा जीव अडकला होता तो हमरस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मक्याची शेतं मोडून उभ्या राहिलेल्या वसाहतीतल्या कोऱ्या करकरीत घरात. आत्ता ते दोघं स्वस्त पडतं म्हणून लांब भाड्याने राहत होते. हे नवं घर त्याच्याही पलीकडे. "तिथे दहा वर्षं हातात हातोडी धरायला नको," हे त्याचं पालुपद. घरं दाखवणाऱ्या ग्रेचेनने बजावून ठेवलं होतं, बुधवारपर्यंत काय ते सांगा, दोन्ही घरांना गिऱ्हाईक तयार आहे.

शनिवारी होर्वाथ यांच्या तळघरात प्लंबरने सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा सोडला. पडद्यावर आधी अंधार दिसला, मग तपकिरी झिंज्या.

"हे काय, केस अडकलेत?" बर्नडेटने विचारलं.

"मुळं," प्लंबर म्हणाला. "दारातल्या ओकची."

वेन्डेलचा चेहरा असा खुलला, जणू त्यानेच ती लावली होती. "झाड कुणाचं आहे?"

"गावाचं," जिन्यावर बसलेले मिस्टर होर्वाथ म्हणाले. "फुटपाथच्या कडेची सगळी झाडं गावाची. फांदीला हात लावलास तर दंड भरशील."

"आणि मुळं?"

"ती तुझी! नळी तुझी म्हटल्यावर नळीत जे शिरेल ते तुझंच. इतकी वर्षं माझी होती, आता तुला बहाल." म्हाताऱ्याला यात फारच मजा वाटत होती.

"ऐकलंस, बर्नी? झाड गावाचं, मुळं आपली! असा व्यवहार कुठे बघितलायस?"

बर्नडेटने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने प्लंबरला विचारलं, "कापता येतात ना ही?"

"येतात की. पण परत वाढतात. दर वसंतात मशीन घालावं लागेल."

"मग दर वसंतात घालू."

"आणि बॉयलर? तोही दर वसंतात कापणार?" वेन्डेल म्हणाला.

"तो बंद पडला की बदलू."

"पन्हळीत पानं साचतील त्याचं काय? शिडीवर कोण चढणार?"

"मी चढेन. तुझे पाय लटपटतात, माझे नाही."

"रात्रभर उभी राहून आल्यावर?"

"हो, रात्रभर उभी राहून आल्यावर!"

मिस्टर होर्वाथ खो खो हसले. "पोरी, घर तू घे. याला राहू दे तिकडे मक्यात."

परतताना वेन्डेल गप्प होता. तो गप्प असला की समजावं, काहीतरी शिजतंय.

सोमवारी संध्याकाळी बर्नडेट झोपून उठली तेव्हा स्वारी टेबलाशी विजयी मुद्रेने बसलेली. "प्रत्यक्ष गाडी चालवून बघितली मी आज. हॉस्पिटलच्या दारातून नव्या घराच्या दारात. अर्ध्या तासाच्या किंचित वर!"

"आज?"

"आज सकाळी."

"अरे शहाण्या, आज प्रेसिडेंट्स डे. शाळा बंद, ऑफिसं बंद. सगळा गाव सवलतीत गाद्या घ्यायला गेलाय."

"वाटलंच होतं, तू हेच म्हणणार!" वेन्डेलने टेबलावर थाप मारली. "पण तू उलटी येतेस ना! सकाळी सगळं जग शहराकडे धावतं तेव्हा तू बाहेर पडतेस. तुला रोजच सुट्टीचा रस्ता. लोण्यासारखा, सरळसोट. एकदा म्हणून ब्रेक लावला नाही मी. बोल आता!"

खोटं काहीच नव्हतं त्यात. बर्नडेटने कॉफीचा कप खाली ठेवला. गेले कित्येक महिने तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती. ती सांगितली की नवरा म्हणणार, सोड ती रात्रपाळी. आणि रात्रपाळी तिला सोडायची नव्हती. शिवाय लाजही वाटत होती. पण न सांगून आता भागणार नव्हतं. बुधवारी हा माणूस तिला मक्याच्या शेतात नेऊन बसवणार होता, आणि त्या रस्त्यावर एक दिवस ती मरणार होती. इतकं साधं होतं ते.

"आज मला तूच सोड," ती म्हणाली. "आणि सकाळी न्यायला ये. गाडी तू चालवायची, मी शेजारी बसणार."

"कशासाठी?"

"ये म्हणते ना!"

मंगळवारी सकाळी ती हॉस्पिटलबाहेर आली तेव्हा डोळे लाल, पाय सुजलेले. वेन्डेल ताजातवाना, दाढी करून आलेला. शहरात शिरणाऱ्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती. यांची बाजू मोकळी. "बघ! काय सांगत होतो मी?" तो म्हणाला.

"हा पूल आला की मी काच खाली करते," बर्नडेट म्हणाली. "बर्फ पडत असलं तरी."

"म्हणून तुला सारखी सर्दी!"

पाण्याची टाकी आली. "इथे गाते. मोठ्यांदा. चर्चमधलं, जाहिरातीतलं, येईल ते."

"तू? गातेस?" तो हसायला लागला.

"आणि त्या निळ्या पाटीपाशी थोबाडीत मारते."

"कुणाच्या?"

"माझ्या. लागेल इतक्या जोरात."

वेन्डेलचं हसू विरलं. पुढे वळण होतं. तिथे रस्त्याच्या कडेला खाचांची पट्टी होती, चाक गेलं की गाडी खडखडते ती. बर्नडेटने बोट दाखवलं. "त्या आवाजाने मला दोनदा जाग आलीय. दुसऱ्या वेळी शेजारी ट्रक होता."

"बर्नी! अगं, एका शब्दाने बोलली नाहीस मला?"

"काम सोड म्हणाला असतास. आणि लाज वाटली रे. रात्रभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवणारी बाई मी, आणि मलाच..." तिने डोळे पुसले. "शहरातल्या गर्दीत मी जागी असते. ब्रेक लावा, हॉर्न मारा, कुणाला तरी शिव्या घाला. हा तुझा लोण्यासारखा रस्ताच मला खातो."

पुढे पेट्रोल पंप दिसू लागला. घर अजून बरंच लांब होतं, आणि नवं घर त्याहून लांब.

"आणि इथून पुढे?" त्याने विचारलं. "पंपापासून आपल्या दारापर्यंत? तिथे काय करतेस?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"आठवत नाही मला. पंप दिसतो. मग एकदम दारात गाडी बंद करत असते मी. मधलं काहीच नसतं, वेन्डेल. रोज नसतं."

पुढचा फाटा येताच त्याने गाडी हमरस्त्यावरून खाली घेतली, पुलाखालून वळवली आणि शहराकडे जाणाऱ्या बाजूला चढवली. इतक्या लोकांच्या घरातली गळती शोधली, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही! त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"कुठे निघालास?"

"हार्लन हाइट्सला. म्हाताऱ्याला तोंडाने सांगून येतो."

"गर्दी लागेल आता. मला झोपायचंय."

"लागू दे. तू झोप, मी आहे जागा."

ती लगेच झोपली. गाड्या अडल्या, हलल्या, पुन्हा अडल्या. वेन्डेलने हळू आवाजात ग्रेचेनला फोन लावला आणि होर्वाथ यांच्या घराला होकार कळवायला सांगितलं. ग्रेचेन गडबडली. "अहो, पण तळघराचं तुम्हीच तर... बर्नडेटशी बोललात ना?"

"तिचं केव्हाच ठरलंय. मलाच कळायला उशीर झाला."

मागच्याने हॉर्न वाजवला. बर्नडेट जागची हलली नाही. तिची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. या रस्त्यावर रोज सकाळी ती अशीच दिसत असणार, फक्त स्टिअरिंगमागे बसलेली. वेन्डेलने डाव्या हाताने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि उजव्या हाताने तिचा हात.