ताई, कशी झालीय?

माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शिवणाचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं राहिलं की मी सरळ सांगते, "श्वास सोडा. कपडा पोटाला शिवायचाय, तुमच्या स्वप्नाला नाही." नवरा म्हणतो, हिच्या जिभेपुढे हिची कात्रीही बोथट. म्हणू दे. माणसं माझ्याकडे परत येतात, कारण मी "शोभतंय" म्हटलं की ते शोभतंच.

समोर कॉफीवाल्या भाऊंचं दुकान. मोजकी टेबलं आणि खिडकीशी बिया भाजायचं छोटं यंत्र. तयार पूड ते आणत नाहीत. लहान लहान मळ्यांतून कच्च्या बिया मागवतात, स्वतः भाजतात, दळतात आणि गिऱ्हाइकासमोर बारीक धारेनं पाणी ओतत बसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं होतं, "अहो भाऊ, कॉफी करताय की कुंडीला पाणी घालताय? मला दुकान उघडायचंय." ते हसले. कप हातात दिला आणि विचारलं, "ताई, कशी झालीय?"

"आंबट," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आंबट नव्हती.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळचा पहिला कप ते स्वतः रस्ता ओलांडून माझ्या मशीनपाशी आणून ठेवायचे आणि दारात उभे राहून तेच विचारायचे. मीही तोंडाला येईल ते बोलायचे. "आज पाणचट." "आज कडू. कुणाशी भांडून आलात?" आणि कधीतरी, "आज जमलीय हं." त्या दिवशी माणूस शीळ घालत परत जायचा.

मग ते तापानं आडवे झाले. बरेच दिवस दुकान बंद होतं. उघडलं तेव्हा त्यांचा शर्ट खांद्यांवरून घसरत होता. नवऱ्यानं मला आधीच बजावलं होतं, "आज तरी त्यांना टोचू नकोस. मरणाच्या दारातून परत आलाय माणूस." भाऊंनी कप आणून ठेवला. मी घोट घेतला. इस्त्री कापडावर विसरली की जो वास सुटतो ना, तोच थेट घशात उतरला. अगं आई गं, काय करपली होती!

"ताई, कशी झालीय?"

डोळे पार खोल गेले होते त्यांचे. मी म्हटलं, "छान."

एकदा छान म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय म्हणणार? मी तोंड उघडायचे, तेवढ्यात तो सैल शर्ट दिसायचा. "छान आहे, भाऊ." त्यांची पाठ वळली की कॉफी मोरीत. त्यांच्या दुकानातली नेहमीची मंडळीही मूग गिळून बसलेली. औषधांचा दुकानदार मला म्हणाला, "तुमच्यासारख्या तुम्ही काही बोलत नाही, मग आम्ही कशाला वाईटपणा घ्यायचा?" हळूहळू समोरची टेबलं रिकामी दिसायला लागली. आणि गंमत बघा, मला राग यायचा तो भाऊंचाच. रोज मेलं येऊन विचारायचं काय? एवढा काय माणूस कौतुकाला हपापलेला!

एका सकाळी ते कपाशिवायच आले. "ताई, आज हॉटेलवाल्या बाई येणार आहेत. त्यांना पसंत पडली तर त्यांच्याकडे कायम आपलीच कॉफी जाईल. नाहीतर हे दुकान आता चालायचं नाही. तुम्ही येऊन बसाल का? जरा माणूस दिसलेलं बरं."

मी गेले. बाई सौम्य होत्या, घाई नव्हती त्यांना. भाऊंनी आम्हा दोघींपुढे कप ठेवले. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण ही करपलीय."

भाऊ हसले. अगदी निर्धास्त. "या ताईंना विचारा की. समोर शिवणकाम करतात. एक घाव दोन तुकडे असं बोलणं यांचं. सगळी गल्ली टरकून असते. ताई, कशी झालीय?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. भीड ही भिकेची बहीण, असं मी उठसूट लोकांना ऐकवते. पण परक्या बाईसमोर त्यांना कसं तोंडघशी पाडायचं?

"छानच आहे," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाकडे. तो काठोकाठ भरलेला होता. त्या आभार मानून उठल्या आणि गेल्या. आता भाऊही माझ्या कपाकडे बघत होते.

"ताई, तुम्ही घेतलीच नाहीत."

"घेते ना."

"म्हणजे खरंच करपलीय?"

मी कप बाजूला सारला.

ते समोरच्या खुर्चीत बसले. "तापानंतर माझं नाक गेलंय, ताई. वास म्हणून येत नाही. रंग दिसतो, पण बिया किती भाजल्या ते वासावरच कळतं. कुणाला बोललो नाही. नाक गेलेल्याकडे कोण येईल कॉफी प्यायला? म्हटलं, ताई आहेत समोर. बिघडली तर पहिल्या घोटाला बोंब मारतील. तुम्ही रोज छान म्हणत होतात, म्हणून मी तशीच भाजत राहिलो."

  हा माणूस रोज रस्ता ओलांडून माझं नाक उसनं मागायला येत होता आणि मी त्याला कौतुकाचा भुकेला समजत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मला तुमची दया आली हो," एवढंच कसंबसं म्हटलं, आणि ते शब्द कानावर पडल्यावर तर आणखीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कप आला नाही. मीच गेले. भाऊ यंत्रापाशी उभे होते, बिया आत फिरत होत्या. उंबऱ्यातच तो जळका वास नाकात शिरला.

"भाऊ, बंद करा! करपतंय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. तेवढ्यात कुरियरवाला खोकं घेऊन आत आला. त्यानं या दुकानात कधी कॉफी घेतली नव्हती.

"अहो दादा," भाऊ त्याला म्हणाले, "जरा सांगता का, करपल्याचा वास येतोय?"

यंत्र फिरत होतं. कुरियरवाल्यानं खोकं खाली ठेवलं, नाक वर करून हुंगलं. "येतोय की. बाहेरपर्यंत येतोय."

मग भाऊंनी बटण बंद केलं.