ओके फोल्डरवर नजर

माझे मामा रतिलाल आबा साक्रीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात आणि जिवंत आहेत. हे पहिल्याच वाक्यात सांगावं लागतंय, कारण साक्रीच्या चौकात अडीच आठवडे वेगळी माहिती लागलेली होती.

झालं असं. मी चाळीसगावला स्टेशन रोडवर चंपालाल शेठच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. शिकलो कॉम्प्युटर सायन्स, करतो वाढदिवस. साक्रीचे बन्सीलाल नाना वारले. त्यांच्या गंधमुक्तीचा, म्हणजे उत्तरकार्याचा, फ्लेक्स आमच्याकडे आला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये नाना, खाली शोकाकुल मंडळींची डोकी. नानांच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला, ‘ओके’ म्हणाला. मी फाइल ‘ओके’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. आमच्या दुकानाची पद्धतच तशी आहे. गिऱ्हाईक हो म्हणालं की फाइल ओकेमध्ये जाते आणि ओकेमध्ये जे पडेल ते मशीन मुकाट्याने दहा फूट रुंद छापतं. कोणी पुन्हा उघडून बघत नाही. मशीन चालवणारा प्रेमराज तर म्हणतो, वाचत बसलो तर छापू कधी?

फ्लेक्स रात्रीच्या गाडीने साक्रीला गेला आणि सकाळी चौकात चढला. त्यावर नानांच्या जागी माझा मामा होता. चंदनाच्या हारासकट, हसतमुख.

मामा नेहमीसारखा बाजारात गेला, तर भाजीवालीने तराजू खाली ठेवला. “आबा, तुम्ही ते गयात ना? मंग वांगा कसाले?” दोन जणांनी मामाच्या दुकानाच्या शटरला हार घातले. मामा आत मोटारीची तार गुंडाळत बसला होता. तिसऱ्याने तर मामालाच विचारलं, की गेले कशाने.

नानांच्या घरच्यांचा वेगळाच राग. मेला आमचा माणूस आणि मान मिळाला रतिलालला.

मी मामाला फोन केला. मामाने उचलला.

“मामा, माझी चूक नाही हो. मी नानांचाच फोटो लावला होता.”

“मी मरी गऊ,” मामा म्हणाला. “मरेल मानूसले फोन करू नको.” आणि ठेवला.

हे मी गंमत म्हणून घेतलं असतं. पण पुढच्या महिन्यात माझं सुलक्षणाशी लग्न होतं आणि आमच्याकडे नवऱ्यामागे मामा उभा राहतो. मला मामा एकच. मी मामी पुष्पाबाईंना फोन केला, तेव्हा मागून मामाचा आवाज आला, “इचार त्याले, मरेल मानूस लगीनमा कसा उभा राही?” मग मामीने निरोप दिला. “हितू, ते म्हणताहेत, ज्यानं हे केलं त्याला माझ्यासमोर उभा कर. मग मी उभा राहतो.”

ज्यानं केलं तो मला माहीत होता. पुनीत. चंपालाल शेठच्या बहिणीचा मुलगा, आमचा क्रिएटिव्ह हेड. मागच्या महिन्यात त्याने एका पैलवानाच्या वाढदिवसाला वाघ लावला होता, तेव्हा मी पैलवानासमोरच वाघाचे पाय मोजून दाखवले. पाच होते. पैलवान इतका हसला की शेवटी तो पाचवा पाय राहू द्या म्हणाला, तेवढाच जोर दिसतो. पुनीत त्या दिवसापासून माझ्याशी गोड बोलायला लागला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझ्या मामाचा फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर होता, हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊकही नव्हतं.

मी शेठकडे गेलो. शेठ उदबत्ती ओवाळत होते.

“शेठ, पुनीतने ओकेमधली फाइल बदलली.”

“पाहिलंस?”

“नाही.”

“मग बेटा, भाणजा आहे माझा. आमच्यात भाणज्याच्या पाया पडतात. पाया पडतो त्याच्यावर आरोप कसा करू? पुरावा आण. मग बघू.”

ठीक आहे म्हटलं. पुरावा तर पुरावा. मला पुनीतला नोकरीवरून काढायचं नव्हतं. मला त्याला जमिनीत गाडायचं होतं आणि वर फ्लेक्स लावायचा होता.

मी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिला प्रोग्रॅम अगदी आमच्या आईसारखा झाला. तो दर सेकंदाला फोल्डरपाशी जाऊन विचारायचा, काही बदललं का? आता? आता बदललं का? मशीनचा कॉम्प्युटर एवढा वैतागला की त्याचा पंखा गिरणीसारखा घुमायला लागला आणि प्रेमराजने त्याच्यावर ओलं फडकं टाकलं.

मग मी नीट वाचलं. असं विचारत बसायची गरजच नसते. खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमलाच सांगून ठेवता येतं की बाई, या फोल्डरवर नजर ठेव. नवी फाइल आली, जुनी बदलली, कोणी पुसली, नाव फिरवलं, की मला हाक मार. तोवर मी झोपतो. ती खरंच हाक मारते. अगदी त्याच क्षणी. कारण प्रत्येक फाइल तिच्याच हाताखालून जाते.

यात दोन अडचणी. एक, ती जरा जास्तच हाका मारते. फाइल नुसती उघडली तरी हाक. पहिल्या दिवशी मला सकाळी सकाळी भराभर हाका आल्या, मी पेटून उठलो, तर मशीनच स्वतःच्या फाइली उघडून बघत होतं. मग मी तिला सांगितलं, नुसतं उघडलं तर राहू दे. कोणी आत लिहिलं आणि लिहून बंद केलं, तरच सांग.

दुसरी अडचण मोठी. ती काय बदललं ते सांगते, कोणी बदललं ते सांगत नाही. खून झाला हे कळवते, नाव घेत नाही. आमच्या गल्लीत अशा चार जणी आहेत.

त्यावर मी तोड काढली. पुनीतच्या कॉम्प्युटरवर कॅमेरा होता, तो त्याने स्वतःच हौसेने लावून घेतलेला. तो जेवायला गेला असताना मी प्रोग्रॅमचा दुसरा तुकडा तिथे टाकला. ओकेमध्ये फाइल बदलली रे बदलली, की त्याच क्षणी त्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. चोर चोरी करताना, समोरून, पूर्ण उजेडात.

फोटो कुठे ठेवायचा, हा प्रश्न होता. शहाणा माणूस कुठल्याही कोपऱ्यात ठेवतो. मी सुडाने भरलेला होतो. मी तो फोटो थेट ओकेमध्ये पडेल अशी व्यवस्था केली. म्हणजे पुनीत माझी फाइल बिघडवतो आहे आणि पलीकडे मशीनमधून त्याचंच थोबाड दहा फुटांचं होऊन बाहेर येतं आहे. हे चित्र मला इतकं आवडलं की मी दोन दिवस एकटाच हसत होतो.

आता आमिष. मी मामासाठी फ्लेक्स बनवला. वर मोठ्या अक्षरांत, ‘जिवंत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मध्ये मामा, बिनहाराचा. खाली शुभेच्छुक म्हणून भाजीवालीसकट सगळी पेठ. मामीला निरोप धाडला की चौकात हा लावू, सगळं निस्तरेल. मामीचा उलटा निरोप आला, “ते स्वतः येताहेत. म्हणतात, छापताना डोळ्यांनी बघेन.”

मला तेच हवं होतं.

मामा दुपारच्या एसटीने धुळ्यावरून आला. धुतलेलं धोतर, टोपी, आणि माझ्याशी एक शब्द नाही. प्रेमराजने खुर्ची दिली. मामाने मशीनकडे तोंड करून खुर्ची वळवली आणि प्रेमराजला म्हणाला, “कर चालू.”

मी फाइल ओकेमध्ये टाकली, प्रेमराजला थांब अशी खूण केली आणि मोठ्याने म्हणालो, “चला, मी जरा मामांसाठी चहा सांगून येतो.” पुनीतच्या कानापर्यंत जाईल असं. तो काचेच्या केबिनमध्ये पाठमोरा बसला होता. त्याचं डोकं किंचित हललं. मी दारातून बाहेर पडलो, भिंतीला वळसा घातला आणि मागच्या दाराने मशीनपाशी आलो.

हाक आली. मोबाइलवर टिंग वाजलं. लिहून बंद.

“प्रेमराज, सोड मशीन!”

मशीन घरघरलं. फ्लेक्स वरून खाली येतो, एकेक पट्टी. आधी केस आले. जेल लावलेले. मग कपाळ.

“हाऊ कोन शे?” मामा अडीच आठवड्यांनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

“थांबा मामा. डोळे येऊ द्या.”

डोळे आले. प्रत्येकी टोपलीएवढे. मग नाक, मग ओठांवरचं ते बारीक हसू, जे मी अडीच आठवडे मनात बघत होतो. मी हात पसरून म्हणालो, “मामा, हाच तो. तुम्हाला मारणारा.”

“शेठ!” मी हाक मारली. “या, पुरावा वाळतोय!”

शेठ आले, चष्मा पुसला, खालून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

“पुनीत काम करतोय,” ते म्हणाले. “इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघतोय मी.”

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. चोरी करणारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो आणि काम करणाराही तसाच बसलेला असतो. समोरून फोटो काढला तर फरक दिसत नाही.

मी काही बोलणार, तोवर मशीनने दुसरा फ्लेक्स सुरू केला. पुन्हा पुनीत. या वेळी तोंड उघडं.

“हितू,” प्रेमराज स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाला, “लाइनीत अजून दोनशे आहेत. वाढताहेत.”

आता मला उमगलं. ऑपरेटिंग सिस्टिमला मी सांगितलं होतं, ओकेमध्ये कोणीही काही लिहिलं की हाक मार. ‘कोणीही’त मीही होतो. माझ्याच प्रोग्रॅमने काढलेला फोटो ओकेमध्ये पडला, तिने हाक मारली. हाक आली म्हणून कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढला, तो ओकेमध्ये पडला, तिने पुन्हा हाक मारली. बिचारी प्रामाणिक. सांगितलं तेवढंच करत होती, न थकता.

कॅमेऱ्याचा तुकडा बंद करायला पुनीतच्या कॉम्प्युटरपाशी जाणं भाग होतं. मी केबिनमध्ये घुसलो. “ऊठ!”

“का?”

“ऊठ म्हणतो ना!”

“मामासा! हा बघा हो!” पुनीतने खुर्चीचे दोन्ही हात धरले.

मी त्याची कॉलर धरली. सुरुवात खरंच कामापुरती होती. त्याला बाजूला करायचं आणि बटण दाबायचं. पण कॉलर हातात आली आणि मला शटरवरचे ते दोन हार आठवले. हात आपोआप वर सरकला.

“सोड! पाच पाय!” पुनीत किंचाळला. “सगळ्यांसमोर पाच पाय मोजलेस तू माझ्या वाघाचे! तुझ्या मामाला एकदाच मारलं, मी रोज मरतोय! तो पैलवान मला अजून पाच बोटं दाखवतो!”

 बाहेर मशीन चालूच होतं. आमच्या मशीनची एक खोड सांगायची राहिली. घाईचं गिऱ्हाईक नेहमी शेवटी येतं, म्हणून प्रेमराजने ते असं लावून ठेवलंय की शेवटी आलेली फाइल आधी छापायची. काचेतून मी बघितलं, तर दहा फुटांचा मी दहा फुटांच्या पुनीतची मानगूट धरून हळूहळू खाली उतरत होतो.

शेवटी शेठने मेन स्विच पाडला. मशीन, पंखे, उदबत्तीशेजारचा दिवा, सगळं बंद.

“ऐकलंत?” मी हाफत म्हणालो. “कबूल झाला!”

 शेठने भाच्याकडे बघितलं, मग माझ्या मामाकडे. मग हात जोडून म्हणाले, “आबा, भाणजा माझा. चूक माझ्या घरची. काय करू सांगा. तो पाया पडेल.”

“पाया नको,” मामा म्हणाला. तो जमिनीवर पसरलेल्या फ्लेक्सांमध्ये धोतर सावरत फिरत होता. काम करणारा पुनीत त्याने पायाने बाजूला सारला. तोंड उघडा पुनीतही. मग आमच्या दोघांच्या फ्लेक्सपाशी तो थांबला. कापड बघतात तसा टोक उचलून उजेडाकडे धरला.

“हाऊ मी चौकमा लावसू,” तो म्हणाला. “पन हितू, हात ढिला शे रे तुन्हा. साक्रीना लोके हसतीन. म्हनतीन, भाचाना अंगमा जीव नई.”

“मामा, घाईत होतो.”

“मंग आते घाई नई. आखो एकदाव धर. चांगला दाबीसन धर.” मग शेठकडे वळून, “शेठ, तुम्हना भाचाले बसाले सांगा.”

शेठसमोर एकीकडे पूज्य भाणजा होता आणि दुसरीकडे साक्रीहून स्वतः चालून आलेलं गिऱ्हाईक. त्यांनी डोळे मिटले. “पुनीत बेटा, खुर्चीत बस.”

“मामासा!”

“गिऱ्हाईक आहे बेटा. बस.”

पुनीत बसला. स्विच वर गेला. मी आधी दोन्ही तुकडे बंद केले, फोल्डरमधले सगळे पुनीत पुसले, मग मागे उभा राहून त्याची मान धरली. मामाने एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. “अंगठा वर घे. हां.” प्रेमराजने फोटो हातानेच काढला.

“निंघना फोटो,” मामा म्हणाला. “लगीनमा येस मी. मांगे उभा राहसू. आते सोड त्याले.”

“सोडतो मामा,” मी म्हटलं. “एक अजून काढू या. याचे डोळे मिटले होते.”